ब्रेकला लागलेला हात

सदर इसम : वय त्रेपन्न, उंची मध्यम, डाव्या अंगठ्याचे नख काळे. व्यवसाय लिफ्ट-दुरुस्ती. अनुभव चोवीस वर्षे. वर्तणूक समाधानकारक, आवाज वगळता. ईश्वरविषयक मत : विचारण्यात आलेले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या देखभालीतल्या एका आठ मजली इमारतीतल्या लिफ्टचे दोर तुटले. आत त्याची थोरली बहीण होती. ती सातव्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत. लिफ्ट हातभर घसरली आणि खालच्या सुरक्षा-ब्रेकने रुळांना चावा घेऊन तिला जागच्या जागी धरलं. बहिणीला साधं खरचटलंही नाही.

रहिवाशांची सभा भरली. चौथ्या मजल्यावरचे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक फळा घेऊनच आले.

"इतका जुना ब्रेक ऐनवेळी धरण्याची शक्यता हजारात एक. देव असेल, तर शंभर टक्के. म्हणजे देव असण्याचं पारडं हजारपट जड!"

टाळ्या पडल्या.

"हजारात एक हे कुठून काढलंत, सर?" याने विचारलं.

"अंदाज आहे."

"मी वर्षातून दोनदा चाचणी घेतो. अठ्ठेचाळीस वेळा घेतली, अठ्ठेचाळीस वेळा धरला! आणि दोर बदला म्हणून तीन पत्रं दिली होती मी. ते तुटले, ते कोणाच्या पारड्यात टाकलंत?"

"विषयांतर नको," प्राध्यापक म्हणाले.

खरं तर याला सांगायचं होतं ते वेगळंच. पूर्ण वजन अंगावर घेतलं की या ब्रेकचे दात झिजतात. तो बदलल्याशिवाय लिफ्ट चालवायची नसते. तेही त्याने ओरडून सांगितलं. सभेने एकमताने ठरवलं : दोर नवे घालावेत, मात्र ज्या ब्रेकला परमेश्वराचा हात लागला, तो बदलू नये.

"कशाला एवढा फणफणतोस?" बहीण म्हणाली. "देवानं वाचवलं मला."

"अगं ताई, आदल्याच दिवशी दोन तास लिफ्टखालच्या खड्ड्यात बसून त्या ब्रेकच्या सांध्यांना ग्रीस लावत होतो मी! डबा धरायला तरी यायचं होतं त्यानं!"

"तुझ्या हातांनी तोच लावत होता, वेड्या."

"मग लिफ्टच्या फिटनेसच्या कागदावर सहीपण त्यालाच करू दे!"

हा माणूस देव मानतो. खड्ड्यात उतरण्यापूर्वी रोज त्याचं नाव घेतो. ज्याचं नाव घ्यायचं त्याला या लोकांनी बिनपगारी मदतनीस करून टाकलं, आणि वर झिजलेल्या दातांची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात मारली, हे याला सोसेना. सोसावं तरी का?

याने सही केली नाही. कंपनीने दुसरा माणूस पाठवला. त्याने उभ्याउभ्या केली. याच्या सेवापुस्तकात शेरा पडला : 'ग्राहकांच्या श्रद्धेचा अनादर.'

लिफ्ट चालू आहे. ताई रोज दोनदा तिच्यातून जाते-येते. प्राध्यापक जिन्याने जातात.