ओइवाचा डावा गुडघा

लाकूड गिरणीच्या वजनकाट्यावर मी वीस वर्षं बसतोय, पण ओइवाइतका तोंडाळ ट्रकवाला पाहिला नाही. इथे लाकूड आणणाऱ्या राइलीने ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक घेतला, तेव्हा कॉफीच्या खोलीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुझ्या ट्रकला मागच्या चाकांची एकच जोडी ओढते, दुसरी नुसती पाहुणी. गिअर आपोआप पडतात. मग बाई, तू तिथं बसतेस कशाला?"

मीही खो खो हसलो होतो.

या हिवाळ्यात ओइवाने नवा ट्रक आणला. मागच्या दोन्ही जोड्या ओढणाऱ्या. लोक वाकून चाकं बघायचे; केबिनजवळ मात्र तो कुणाला फिरकू द्यायचा नाही.

काल ट्रक काट्यावर सोडून तो संडासाला गेला. मागे रांग लागली, म्हणून राइलीनेच चढून ट्रक बाजूला घेतला. ती उतरली तेव्हा उघड्या दारातून मला दिसलं: आत क्लचच नव्हता. डावा गुडघा कामातून गेल्यावर ओइवानेही गुपचूप ऑटोमॅटिकच घेतला होता.

तो लंगडत धावत आला, पांढराफटक.

कॉफीला सगळे जमल्यावर राइली म्हणाली, "ओइवा, तुझा क्लच भलताच जड आहे रे. मला तर दाबवेना!"

सगळे खुशीत तिलाच हसले. ओइवाची मान काही वर झाली नाही. माझीही.