कोऱ्या ढोलाची पार्टी

जुने बँडवाले एकत्र बसले की किस्से संपत नाहीत. एकाने फुंक मारायची, दुसऱ्याने ठेका धरायचा आणि खरं-खोटं करायला तिसरा असतोच. आमच्यातल्या तिसऱ्याला, शहादेवला, आता कमी ऐकू येतं. तो सगळ्यालाच मान डोलावतो. तेव्हा मी बिनधास्त सांगतो!

आम्ही तिघं अकोल्यात नोकरीला होतो. तुळशीराम माझा मामेभाऊ, कापसाच्या जिनमध्ये कामाला. तो ढोल वाजवायचा. शहादेव रेल्वेत गँगमन, त्याच्याकडे कॉर्नेट. मी शाळामास्तर, माझ्या हाती क्लॅरिनेट. तिघांपैकी एकालाही धड वाजवता येत नव्हतं. ज्याला येत होतं, त्याने वाजवणं सोडलं होतं.

ते म्हणजे तुळशीरामचे वडील, माझे संपतमामा. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात पाटलांच्या घरची प्रत्येक वरात मामांच्या डफड्यावर निघायची. नवरीच्या गावापर्यंत वाजवत जायचं आणि मांडव आला की बाहेर उन्हात उभं राहायचं. आत पाय ठेवायची सोय नव्हती. मामा घरी आले की मामी विचारायची, "नवरी कशी हाये वो?"

मामा चिडायचे. "मले काय मालूम? मी भायेर होतो!"

दर लग्नाला हेच. मला लहानपणीच पाठ झालं होतं.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि मामांनी डफडं खुंटीला टांगलं. पाटलांनी त्या हंगामात आमच्या वस्तीतल्या कोणालाच कापूस वेचायला बोलावलं नाही.  बसल्या बसल्या मामांची बोटं मांडीवर चालत राहायची. मला ते बघवत नसे.

*

बँड काढला तेव्हा ढोलावर नाव घालायला अमरावतीच्या एका पेंटरकडे गेलो. त्या काळी बहुतेक बँड देवाच्या नावाचे.

"कोन्त्या देवाचं लिवू?"

"देवाचं नाई," तुळशीराम म्हणाला.

"मंग मालकाचं?"

"मालक नाई."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "देव नाई, मालक नाई, मंग वाजवता कोनासाठी बे?"

यावर आम्ही तिथेच भांडायला लागलो. दुपार गेली, नाव काही ठरलं नाही. ढोल कोराच घरी आला आणि लोक आम्हाला 'कोऱ्या ढोलाची पार्टी' म्हणू लागले.

*

आमच्याजवळ चाली तीनच होत्या. परतवाड्याच्या एका लग्नात त्या पहिल्याच वळणावर संपल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. मामा मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांच्या कानातून एक चूक सुटायची नाही. वाजवून झालं की आम्ही निकालाला उभे!

"बाबा, कसं वाजवलं?" तुळशीरामने विचारलं.

"तुया ढोल नवरदेवाच्या पुढं पोचला," मामा म्हणाले, "अन् मास्तरची पिपानी अजून अकोल्यातच हाये."

*

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आम्हाला अमरावतीला बोलावणं होतं. आदल्या दिवशी हवालदाराने बजावलं, "जे गाणार, थे लिवून द्या. साहेबाले दाखवा लागते."

"हवालदारसाहेब, बँड गात नसते," मी म्हणालो. त्याने कागदावर 'फक्त वाद्य' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

चौकात आम्ही पहिली चाल धरली. ती अख्ख्या वस्तीला तोंडपाठ, आणि त्यावरचे शब्द सरकारला फारसे आवडणारे नव्हते. हजार लोकांनी एकदम गायला सुरुवात केली! हवालदार कागद नाचवत धावत आला.

तुळशीरामने ढोल न थांबवता सांगितलं, "आमी फक्त वाजवून रायलो साहेब. लोकायचं नाव तुमीच नाई लिवलं कागदावर!"

*

आमचा नियम एकच होता. जिथे जेवण, तिथे वाजवणं. चांदूर रेल्वेकडच्या एका लग्नात आमची पानं मांडवाबाहेर, बैलांजवळ मांडली. तुळशीराम शांतपणे जेवला, हात धुतले आणि ढोल गळ्यात घालून बैलांपुढेच उभा राहिला. आम्ही तिथेच वाजवत बसलो. नाचणारी पोरं एकेक करून मांडव सोडून आमच्याकडे आली.

शेवटी नवरदेवाचा काका धावत आला. "अबे, आत या ना!"

"पयले आमची पानं आत मांडा," तुळशीराम म्हणाला. "आमी मागून येतो."

आम्ही दुसऱ्यांदा जेवलो. पोट फुटायची वेळ आली होती, पण नियम म्हणजे नियम!

*

आणि मग पाटलांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी अमरावतीची. तिच्या लोकांनी अट घातली की वरातीसोबत बँड पाहिजे. पाटलांच्या माहितीतला बँड एकच, आमचा. त्यांनी गडी पाठवला.

तुळशीराम म्हणाला, "येतो. मांडवात वाजवू, पंगतीत जेवू. अन् बाबा वऱ्हाडी म्हणून येतीन. त्यायले अक्षत घेऊन या."

चार दिवस उत्तर नाही. मामा म्हणाले, "जाऊ दे रे. मले नाई जा लागत." पण बोटं मांडीवर चालूच होती.

पाचव्या दिवशी पाटील स्वतः दारात आले.  हळदीच्या अक्षता मामांच्या हातावर ठेवल्या आणि "या संपतराव," एवढंच म्हणाले. मामा ती मूठ बराच वेळ उघडेनात.

अमरावतीच्या मांडवात मामांना खुर्ची मिळाली, पुढच्या रांगेत. त्या दिवशी आम्ही जीव तोडून वाजवलं. खरं सांगतो, जन्मात एवढं नीट कधी वाजवलं नव्हतं. एकही चाल घसरली नाही.

गावी परतलो, तसे आम्ही तिघं मामांपुढे निकालाला उभे राहिलो.

"बाबा, कसं वाजवलं?"

मामांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. दारात उभं राहून त्यांनी आत मामीला हाक मारली.

"आयकतं का वं? सावळी हाये नवरी. हनुवटीवर तीळ हाये तिच्या!"