पाखरांचा माळा

कुरुळीत कंपन्यांच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या विकणारा तो म्हातारा पहिल्याच वाक्याला माझ्यावर खेकसला. परसात पाखरांना दाणे ठेवायला चार खांबांवर फळ्या ठोकून द्या, एवढंच मी म्हणालो होतो.

"माळा म्हना की. बाजरी भरली की असल्याच माळ्यावरनं गोफण फिरवून पाखरं हाकली आमी. आता तुमी त्यांनाच वर जेवायला बसवा."

मीही तापलो. "तुम्ही ठोका, भाषण नको."

त्यानं खिळा वाकेस्तोवर हातोडी हाणली. "राहता कुठं?"

मी आमच्या बंगल्यांच्या सोसायटीचं नाव सांगितलं. हातोडी थांबली.

"तितंच व्हता माझा माळा," तो दात आवळून म्हणाला. "न्या हे. पाखरांना सांगा, खावा बिनघोर. राखायला रान राहिलं न्हाई."