फवारणीची वही

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी सुपरवायझर होतो. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांवर कोड चिकटवून घेणं माझं काम. तिकडे कुणीही पेटी उघडली, तरी त्या कोडवरून बाग कुणाची, माल कधी तोडला, ते कळायचं. फवारणीच्या औषधाचा अंश मालात किती उरलाय, त्या तपासणीचा रिपोर्ट आल्याशिवाय कुठल्याही बागेचा माल भरायचा नाही, हे मी पॅकिंगच्या बायकांना पहिल्याच दिवशी बजावायचो.

त्या दुपारी कंटेनर दाराशी लागलेला आणि शेवटच्या पॅलेटला तीस पेट्या कमी पडल्या. गावातल्या ज्या शेतकरी काकांच्या बागेचा माल भरत होतो, त्यांचे क्रेट संपले होते. आवारात माझ्या दाजींचं द्राक्षांनी भरलेलं पिकअप उभं होतं. त्यांचा रिपोर्ट यायचा होता.

"उद्या येतोय ना रिपोर्ट," दाजी म्हणाले. "का पाव्हणं, आता आमचापण भरवसा नाय?"

मालक फोनवरून ओरडत होते. मी दाजींच्या तीस पेट्या भरून घेतल्या आणि त्यांवर काकांच्या बागेचा कोड लावला. स्वतःच्या हातानं लावला, बायकांना सांगायची लाज वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एका औषधाचा अंश मर्यादेच्या वर. कंटेनर अजून बंदरातच होता. मालकांना सांगितलं असतं तर थांबवता आला असता. हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं कुणापुढे उच्चारलं नाही.

पुढचे काही आठवडे फोन वाजला की दुसऱ्या कुणालातरी उचलायला सांगायचो. एवढ्या पेट्यांत तिकडचे तपासणारे नेमकी आपलीच का उघडतील, असं घोकत बसायचो. ताट तसंच राहायचं. बायको विचारायची, "मीठ कमी पडलं का?"

त्यांनी नेमकी तीच उघडली.

मालकांनी रजिस्टर मागवलं, कोडवर बोट ठेवलं आणि दहा मिनिटांत बाग सापडली. काकांची. त्यांचा उरलेला माल बंद झाला, पुढच्या वर्षीची निर्यातीची नोंदणीही गेली. रजिस्टरमधलं अक्षर माझंच होतं.

काका आले ते प्लास्टिकच्या पिशवीत शाळेची दोनशे पानी वही घेऊन. "साहेब, हे औषध माझ्या बागेला लागलंच नाय. सगळं लिहेल हाय ह्यात. ही वही धाडा त्यांना. वाचतील ना?"

"पाठवतो," मी म्हणालो, आणि ती कपाटात ठेवली.

त्यांचे फोन येत राहिले. "वाचली का हो वही?"

"अजून उत्तर नाही, काका."

"इंग्रजी करून घ्यायला येळ लागत असंल." माझी बाजू तेच घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी त्यांनी बाग तोडली. जुन्या बागा तोडतातच लोक, असं मी स्वतःला समजावलं. दाजींची बाग अजून उभी आहे. बहिणीच्या संसारासाठी गप्प बसलो, असंही म्हणता येईल. पण ते खरं नाही. मला नोकरी जायची भीती होती.

यंदा उन्हाळ्यात वही त्याच पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. काकांना आता दिसत नाही. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजी वही तिकडं गेलीच नाय?"

"नाही."

त्यांनी चाचपून पिशवीतून वही काढली. सून चहा घेऊन आली.

"ठिव तिथं. तू पण बस," ते तिला म्हणाले. मग वही माझ्याकडं सरकवली. "इतकी वर्षं घरात म्हणत्यात, म्हाताऱ्याचंच कायतरी चुकलं. वाचा. ऐकू द्या हिला."

मी छाटणीच्या दिवसापासून मोठ्यानं वाचायला लागलो. तारीख, औषध, किती पाण्यात किती. मी थांबलो की ते म्हणायचे, "पुढं."