ह्यांना पिवळा आवडत नाही

तारनाक्याला आमच्या समोरच्या घरात रेल्वेतले दोन कारकून एकत्र राहायचे. त्यांतल्या बुटक्याला कपड्यांचा भारी शौक. परदेशी कंपन्यांच्या जीन्स दुकानांत नुकत्या दिसू लागल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांनी लगेच एक घेतली, आणि तिलाही इस्त्रीची कडक घडी पाडली. केस मेंदीने लाल, मिशी मात्र काळीभोर.

एकदा मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. त्यांनी पिवळा टी-शर्ट छातीशी धरला तसा दुकानदार हसला, "चच्चा, ये उमर में?"

"उमर पुरानी हुई मियाँ, शर्ट तो नवा है ना?" असं त्याला सुनावून ते माझ्याकडे वळले. "पण नकोच. ह्यांना पिवळा आवडत नाही."

'ह्यांना' हा शब्द मी आजवर फक्त बायकांच्या तोंडी ऐकला होता. मी घाईघाईने मोजे बघू लागलो.

शेवटी त्यांनी गुलाबी घेतला. संध्याकाळी तो घालून ते फाटकाशी माझ्याशी गप्पा मारत होते, तेवढ्यात घरातून दुसऱ्या कारकुनांचा आवाज आला, "अहो, पोट आत घ्या!"

त्यांनी लाजून घेतलं. माझ्या सफारीतलं मीही घेतलं आणि हळूच आमच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.