सोलापूरची माशांची काठी

काठी तीन तुकड्यांत, कड्या डबीत आणि मी तिसऱ्या वर्गात, असे आम्ही पुण्याहून निघालो.

पुण्याच्या लष्करात साहेबलोकांच्या मासे धरायच्या काठ्या बांधणं हा माझा धंदा. या काठीच्या गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसांची खोटी माशी करून ती लांब दोरीनं पाण्यावर फेकतात, आणि ती दोरी काठीवरच्या कड्यांमधून धावते. कड्या कुठं आणि केवढ्या बसवायच्या, यातच सगळी विद्या आहे. ती माझ्याकडे आहे हे मी कोणालाही सांगतो, विचारलं नाही तरी. दारावर आलेल्या सोलापूरच्या एका चादरवाल्यालाही सांगितलं होतं. पुढच्या खेपेला तो येऊन म्हणाला, "आमच्या मल्लाप्पांना माशांची काठी पायजे. मिठाईचं दुकान हाय त्यांचं. लवकर जावा." साहेब कलेक्टरी सांभाळून मासे धरतो, तर हलवायानं का धरू नयेत? मी निघालो.

जेऊरला खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर चढला आणि माझ्या सामानाकडं टक लावून बसला.

"काय हाय त्यात?"

"काठी."

"तुकडं केल्याली?"

"तीन तुकड्यांचीच असते. जोडायची."

"मंग आख्खीच का न्हाय आनली?"

याला मी लष्करी पद्धतीनं बरंच उत्तर दिलं. तो ऐकता ऐकता झोपला. बाहेर काळी रानं उन्हात भेगाळून पडली होती आणि चुकून एखादी बाभळ दिसे. अशा मुलखात मासे कुठं राहत असतील, ही शंका मला यायला हवी होती. नाही आली.

सोलापूरला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. मल्लाप्पा स्वतः टांगा घेऊन आले होते. थोराड देह, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि चेहरा असा की घरात कोणी आजारी असावं. मागच्या बोळातूनच त्यांनी मला घरात नेलं. दुकान पुढच्या अंगाला होतं. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे गौरव्वांनी, पान वाढलं: कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि हुग्गी (गव्हाची गुळातली खीर). चटणीनं माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गौरव्वांना वाटलं, मला त्यांच्या संकटाचं वाईट वाटतंय.

"उद्या सकाळी इन्स्पेक्टर येणार, मिस्त्री," मल्लाप्पा म्हणाले. "काठी झाली तर दुकान ऱ्हातंय. न्हाय तर कुलूप. आजोबापास्नंचं दुकान हाय बघा."

मी मनात म्हटलं, इन्स्पेक्टर शौकीन दिसतो. काठी नजराणा द्यायची असणार. जगाची रीतच आहे.

"काळजी सोडा, आप्पा. माशांचा आकार केवढा?"

"बारीकच. पन लई येतात."

"जास्त कुठं असतात?"

"गोड असंल तितं."

गोडं पाणी. मी मान डोलावली. "आणि वेळ कोणती?"

"उन्हं चढली की. काठी लांब पायजे बघा, बसल्या जागेवरनं पोचली पायजे."

इतकं नेमकं बोलणारं गिऱ्हाईक मला लष्करात एक भेटलं नव्हतं.

जेवून ओसरीवर काठी जोडली. सगळ्यांत बारीक कडी शेंड्याला. तिथं काठी जास्त वाकते, म्हणून शेंड्याकडं कड्या जवळ जवळ. मुठीकडं येताना अंतर वाढवायचं आणि कडीही मोठी करत यायचं. हातातली दोरी वेटोळी घालत वर जाते, म्हणून मुठीजवळची कडी सगळ्यांत मोठी. पण हे नुसत्या मोजपट्टीनं भागत नाही. आधी कड्या कच्च्या अडकवायच्या, दोरी ओवायची, शेंडा खुंटीला बांधून काठी वाकवायची आणि दोरी त्या बाकाबरोबर वळते का ते बघायचं. दोन कड्यांच्या मधे ती काठीला घासली, की कडी सरकवायची. मी सरकवत होतो, मल्लाप्पा "व्हय, व्हय" करत होते आणि गौरव्वा प्रत्येक कडीला हात जोडत होत्या. मन भरल्यावर सगळ्या कड्या रेशमी दोऱ्यानं आवळून बांधल्या.

उन्हं कलली तेव्हा अंगणात फेक करून दाखवावी म्हणून मी डबीतून पिसांची माशी काढली.

"हे काय म्हनायचं?" मल्लाप्पांनी विचारलं.

"माशी. हिच्यावर मासा येतो."

"मासा?" ते दोन पावलं मागं सरले. "शिवा शिवा शिवा! माझ्या घरात मासा कशाला येतोय?"

"आप्पा, माशांचीच काठी ना ही?"

"माशांचीच की! पेढ्यावर बसतात त्या माशांची!"

त्यांनी मला हाताला धरून दुकानात नेलं. परातींत मिठाई आहे हे विचारून घ्यावं लागलं, इतक्या माशा. इन्स्पेक्टर होता आरोग्य खात्याचा, आणि गेल्या खेपेला बजावून गेला होता: मिठाईवर एक माशी दिसली तरी दुकान बंद. माशा हाकलायच्या काठ्या बांधणारा म्हणून मला पुण्याहून आणवलं होतं!

"आमच्यात माशा काय कमी हायत, म्हनून पुण्यावनं आनखी एक आनली?" गौरव्वा म्हणाल्या, आणि मटकन खाली बसून रडू लागल्या.

चादरवाला समोर असता तर त्याच्याच चादरीत त्याला बांधला असता. पण बाई रडत होती, आणि मल्लाप्पा उपरण्यानं परातींवरच्या माशा हाकलत होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, काठी तर आहे ना? कड्यांना कापडाच्या झिरमिळ्या बांधू. गादीवर बसून हलवली, की सगळ्या परातींवरून फिरेल.

मल्लाप्पांच्या जिवात जीव आला आणि लगेच ते मला अक्कल शिकवू लागले. जिलबीची परात दाराशी, म्हणजे शेंड्याखाली. माशा तिथंच जास्त. तेव्हा मोठी कडी आणि जाड झिरमिळी शेंड्याला हवी.

"शेंड्याला मोठी कडी? मेलो तरी बांधणार नाही!"

"मंग जिलबीनं काय करायचं?"

त्यांनी स्वतःच शेंड्याला जाड चिंधी बांधून पाहिली. शेंडा वाकून थेट जिलबीच्या पाकात बुडाला.

"घ्या!" मी ओरडलो. "कड्या हलणार नाहीत, आप्पा. पराती हलवा."

मग आम्ही कड्यांच्या मापानं दुकान मांडलं. मोठ्या कडीखाली, मुठीजवळ, जिलबी. मधे बर्फी. शेंड्याखाली, जिथं बारीक कड्या दाट, तिथं पेढे. गौरव्वा परात सरकवत आणि मी एक डोळा मिटून "अजून चार बोटं" म्हणत होतो.

सकाळी इन्स्पेक्टर आले. पांढरा कोट, झुपकेदार मिशी, नियमाला पक्के. मल्लाप्पांचा हात इतका कापत होता की काठी मुद्दाम हलवावीच लागली नाही. झिरमिळ्या फडफडल्या. माशा उठल्या, दुकानभर घोंगावल्या, आणि दुसरी जागा न मिळाल्यानं इन्स्पेक्टरांवर बसल्या. टोपीवर, कोटावर, मिशीवर. पांढरा कोट काळा झाला.

मल्लाप्पांनी डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टर एकेका परातीवर वाकून बघत गेले. शेवटी, माशी तोंडात जाऊ नये म्हणून दात आवळून म्हणाले, "मिठाईवर माशी नाही. दुकान चालू राहील."

"पण साहेब, तुमच्या अंगावर..." माझ्या तोंडून गेलं.

"मी मिठाई नाही," ते म्हणाले, आणि तसेच माशांसकट पुढच्या दुकानात शिरले.

गौरव्वांनी काठीच्या प्रत्येक कडीला हळदकुंकू लावलं. स्टेशनवर मल्लाप्पांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि जरा घुटमळले.

"मिस्त्री, रागावू नका. तुमच्या त्या साहेबाच्या काठीनं मासा मरतोय न्हवं?"

"मरतो."

"आन आपल्या काठीनं एक तरी माशी मेली का?"

"एकही नाही. इकडून उठल्या, तिकडं बसल्या."

"मंग ह्योच धंदा करा की," ते कळवळून म्हणाले, आणि गाडी हलली.

कुर्डुवाडी गेली, दौंड गेलं, तरी तेच डोक्यात घोळत होतं. साहेबाच्या हातून मासा निसटला, तर साहेब बंगल्यावर जाऊन कोंबडी खातो. माझी कडी बोटभर चुकली म्हणून लष्करात कोणाचं घर बसलं नाही, की नीट बसली म्हणून कोणी तिला कुंकू लावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कड्यांवर कोणाची तरी चूल होती, आणि कड्या जागच्या जागी बसल्या होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी एकटाच हसत होतो; समोरचा प्रवासी जरा सरकून बसला.

घरी बायकोनं पेढ्यांचा पुडा सोडता सोडता विचारलं, "सोलापूरला मासे चांगले असतात का हो?"

म्हटलं, "बघायचं राहूनच गेलं."