वहिनींची कंपनी कुठली?

सायकलच्या दांडीवर किंवा होडीच्या कडेला हाताने बारीक, सरळ रेघ ओढायची तर साधा कुंचला कामाचा नाही. त्याला लांब केसांचा, टोकाशी सुईसारखा कुंचला लागतो, आणि तो वहिनी बांधतात. केस विंचरायचे, उलटे लागलेले केस सुरीच्या पात्याने वेचून काढायचे, झुपका दोऱ्याने आवळायचा, ओठांत धरून टोक जुळतंय का ते बघायचं. नाही जुळलं तर अख्खा झुपका सोडून पुन्हा पहिल्यापासून. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून, म्हणजे तीस वर्षं, त्यांचं हे चाललं आहे. त्यांना दीर एकच, पण दांडे पुरवणारा सुतार, पोस्टातला कारकून आणि कामावरच्या दोघी बायकाही त्यांना वहिनीच म्हणतात.

धंदा मात्र त्यांच्या नावावर नव्हता. आधी तो सासऱ्यांच्या नावावर होता, मग नवऱ्याच्या, आणि नवरा गेल्यावर दिराच्या. दीर, म्हणजे भावजी, पुढे नेदरलँड्सला नोकरीला लागून तिकडचेच झाले. तरी कागदावर मालक तेच, कारण दुसरं काही करावं असं कुणाला सुचलंच नाही. केस मागवायचे तरी त्यांची सही. एकदा ते सुट्टीवर डोंगरात गेले आणि इथे केसांवाचून कारखाना तीन आठवडे बसून राहिला. कारखाना म्हणजे खिडकीखालचं लांब टेबल आणि चार स्टुलं, पण बसून राहायला तेवढं पुरतं. त्यानंतर वहिनींनी जी कचेरीची वाट धरली, ती धंदा स्वतःच्या नावावर झाल्यावरच सोडली. त्याला आता चार वर्षं झाली.

मग लेकीने वेबसाइट काढली आणि कुंचले परदेशी जाऊ लागले. सगळ्यात जास्त चौकशी नेदरलँड्सहून. तिथे जुन्या सायकली रंगवून नव्या करण्याचं वेड फार. पण ही मंडळी कुंचले निवडायची, पत्ता भरायची, पैसे भरायच्या पानापर्यंत यायची आणि तिथून माघारी फिरायची. दहांतली सहा तरी. शेवटी एका म्हाताऱ्या सायकल-रंगाऱ्याने लिहून कळवलं: माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही, कधी नव्हतं. आमच्याकडे सगळे थेट आपल्या बँकेतून पैसे देतात. तेवढं बटण तुमच्याकडे ठेवा.

बटणच ते, त्यात काय, म्हणून लेक अर्ज भरायला बसली. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचा पहिलाच प्रश्न होता, तुमचा धंदा कुठल्या देशात नोंदलेला आहे? खाली युरोपातल्या देशांची यादी.

"आपला नाहीये यात," लेक म्हणाली.

"मग 'इतर'मध्ये लिही."

"'इतर' नाहीच."

"असं कसं? 'इतर' नसलेला फॉर्म मी जन्मात पाहिला नाही."

घोडं तिथेच अडलं. फोनवरची बाई बोलायला गोड होती. तुमचं काही चुकलेलं नाही, म्हणाली. कार्डाचे पैसे तुम्ही घेताच आहात, ते घेत राहा. पण ही पद्धत तिकडच्या बँकांची, आणि आम्ही ती तिकडे नोंदलेल्या धंद्यांनाच देतो.

मग लेकीने आपली अक्कल चालवली. देश नेदरलँड्स, पत्ता भावजींचा. तिच्या मनात लबाडी नव्हती. काकाचं घर ते आपलंच घर, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. काका इथे होते तेव्हा तिच्या शाळेच्या फॉर्मवरही त्यांचाच पत्ता घातला होता, कारण तिथून शाळा जवळ पडायची. पण पैशाच्या कंपनीला काका-पुतणी कळत नाही. आठव्या दिवशी त्यांनी तिथल्या नोंदणीचा कागद मागितला. तो नव्हता, म्हणून सगळं खातंच गोठवलं. नवं बटण राहिलं बाजूला, कार्डाचं जुनं बटणही गेलं. कामावरच्या दोघी सकाळी येत, टेबल पुसत आणि दुपारी घरी जात.

भावजींच्या कानावर गेलं तसा त्यांचा फोन आला. "एवढंच ना वहिनी? मी काढतो इथे कंपनी. पत्ता माझा, नाव माझं. तुम्ही फक्त कुंचले बांधा."

ते 'फक्त' ऐकलं आणि वहिनींचं टाळकं सरकलं. "सव्वीस वर्षं तुम्हा लोकांच्या नावाखाली फक्त कुंचलेच बांधले, भावजी. आता नाही. बुडायचा तर माझ्या नावावर बुडू दे धंदा."

भावजींनी फोन ठेवून दिला.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा, तो त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. वहिनींना फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं काही वाटेना. त्यांनी लेकीला समोर बसवून कंपनीला पत्र लिहायला लावलं. धंदा इथला आहे आणि माझा आहे. तो पत्ता माझ्या दिराचा. घर आमचंच, पण धंदा त्यांचा नाही.

"आई, 'घर आमचंच' हे काढू का? गोंधळतील ते."

"गोंधळू देत. खरं आहे ते."

पंधरा दिवसांनी कार्डाचं बटण परत मिळालं. दुसऱ्याला नकार आला.

त्यानंतरच्या आठवड्यात भावजींचं जाडजूड पाकीट आलं. वहिनींना वाटलं, आता कागदोपत्री भांडण. लेकीने वाचून अर्थ सांगितला. भावजींनी तिकडच्या कचेऱ्यांत चार हेलपाटे घातले होते. बाहेर राहणाऱ्या माणसालाही तिथे कंपनी काढता येते. तिथला एक पत्ता लागतो आणि आलेली पत्रं घेणारं कुणीतरी. मालकाच्या रकान्यात त्यांनी वहिनींचं पूर्ण नाव घातलं होतं. स्वतःचं नाव पार शेवटच्या पानावर, पत्रं घेणारा म्हणून.

वहिनींनी ते पान दोनदा वाचायला लावलं आणि फोन लावला. माफी मागायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

"मालकाच्या रकान्यात अजून एका नावाची जागा आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं घालू का?"

"नको."

"राग आहे का अजून?"

"राग नाही, वहिनी. सात वर्षं मालक होतो मी, आणि झुपका कसा आवळतात ते अजून मला माहीत नाही. तुम्हाला कधी विचारलंच नाही."

वहिनींना एकदम भरून आलं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.